हॅलोकाकांची जावा

हॅलोकाकांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदाबाहेर कधी पडलं नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. त्यांचा "हॅलो" असा दणदणीत आणि स्वच्छ असे, की पलीकडचा माणूस कितीही घाबरलेला असला तरी आधी सरळ उभा राही आणि मग बोलायला लागे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे त्यांना हॅलोकाका म्हणत. बायको तेवढी "अहो" म्हणायची, आणि चिडली की काहीच म्हणायची नाही.

काका जन्मापासून आंधळे. हा शब्द ते स्वतः बिनदिक्कत वापरत. "दृष्टिहीन" वगैरे कोणी म्हणालं की त्यांचं डोकं सटकायचं. "आंधळा आहे, हीन कशाला करता?" असं ते तोंडावर सुनवायचे. त्याहून जास्त राग त्यांना एकाच गोष्टीचा यायचा. लोक त्यांच्याशी बोलताना आवाज चढवायचे. दिसत नाही म्हणजे ऐकूही कमी येत असणार, अशी लोकांची आपली समजूत. काका मग मुद्दाम पुटपुटल्यासारखं उत्तर द्यायचे आणि समोरच्याला कान पुढे करायला लावायचे. स्वभाव तसा गोड नव्हता, आणि गोड असल्याचा त्यांचा दावाही नव्हता.

कामात मात्र माणूस एक नंबर. सगळ्या विभागांचे नंबर तोंडपाठ, कोणता डॉक्टर या वेळी कुठे सापडेल तेही पाठ. आपल्या कानाबद्दल ते थापाही भरपूर मारायचे. पलीकडच्या माणसाला ताप किती आहे ते आपण श्वासावरून सांगतो, असं ते नव्या नर्सना सांगत आणि दोनचार जणी विश्वासही ठेवत.

मग रुग्णालयात नवी टेलिफोन यंत्रणा आली. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. काकांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण हिला उलटं काही विचारता येत नाही." महिनाभरात एक्स्चेंजच्या खोलीला कुलूप लागलं.

काकांची नोकरी कायम होती, त्यामुळे त्यांना काढता येत नव्हतं. त्यांना पहिल्या मजल्यावरच्या लांब कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची देण्यात आली. काम काही नाही. सकाळी यायचं, खुर्चीत बसायचं, संध्याकाळी घरी जायचं. पगार वेळेवर. येणारे जाणारे प्रेमाने विचारत, "काय काका, कसं काय?" कोणी चहा आणून देई, कोणी जाता जाता खांद्यावर हात ठेवी. "बसा निवांत, खूप काम केलंत आता," असं म्हणत. त्या "निवांत"ने काकांचा जीव नकोसा झाला. आयुष्यात त्यांना कोणी लाडावून ठेवलं नव्हतं आणि आता सगळं रुग्णालय त्यांना तान्ह्या मुलासारखं थोपटत होतं. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. तेवढी वर्षं आपण या खुर्चीत थोपटले जाणार, या विचाराने ते घरी आले की जेवताना ताटातलं नुसतं चिवडत बसत.

अशात एक दिवस लिफ्टवाल्याने त्यांना एक सूचना वाचून दाखवली. लिफ्टवाला त्यांचा जुना दोस्त, सूचनाफलक वाचून दाखवणं हे त्याचं बिनपगारी काम. संगणक कक्षात एक सहायक हवा होता. कायम कर्मचाऱ्यांपैकी कोणीही परीक्षा देऊ शकत होता. परीक्षेत जावा भाषेत प्रोग्राम लिहायचा, तो कंपाइल करायचा आणि परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा.

"काका, हे आपलं काम नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"तुझं नसेल," काका म्हणाले, आणि काठी टेकत सरळ संगणक कक्षात गेले.

कक्षाच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. बाई तुटक बोलायच्या, कारण त्यांच्यामागे दिवसभर कोणी ना कोणी हात धुऊन लागलेलं असायचं. काकांनी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी टायपिंग थांबवलंसुद्धा नाही.

"जावा येते?"

"नाही."

"कॉम्प्युटर?"

"बोलणारा येतो. अंधशाळेत शिकलो. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते तो वाचतो, मी ऐकतो. टायपिंग तुमच्याइतकंच जलद आहे. आत्ता ऐकलं ना मी."

टायपिंग थांबलं. "इंग्रजी?"

"टेलिफोनवर पोट भरलंय मॅडम. इंग्रजीतल्या शिव्यासुद्धा वेगवेगळ्या ओळखता येतात."

मॅडम हसल्या नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीनंतरचा थोडा वेळ त्यांनी द्यायचं कबूल केलं. काकांना बाई आवडल्या. त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता आणि एकदाही खांद्यावर हात ठेवला नव्हता.

पहिले काही दिवस मात्र पार फजिती झाली. कक्षातली मंडळी ज्या झकपक सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहीत, त्यात सगळी चित्रांची दुनिया. हिरवा त्रिकोण दाबला की प्रोग्राम चालतो, लाल चौकोन दाबला की थांबतो, चूक असेल तिथे खाली नागमोडी रेघ येते. काकांच्या कानातला आवाज बिचारा प्रत्येक चित्रापाशी जाऊन फक्त "बटण" म्हणायचा. बटण, बटण, बटण, नाव नसलेलं बटण. काका घामाघूम झाले. आठवडा संपता संपता त्यांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि म्हणाले, "मॅडम, हे शिंप्याचं दुकान आहे, भाषा नाही."

मॅडमही वैतागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आमच्या वेळी शिकायचो तसं शिका." आणि त्यांनी कमांड प्रॉम्प्ट उघडला. काळा पडदा, त्यावर ना चित्र ना बटण. आपण एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, मशीन ओळीतच उत्तर देतं.

काकांनी एक ओळ टाइप केली. मशीनने उत्तर दिलं. त्यांनी दुसरी टाइप केली. मशीनने दुसरं उत्तर दिलं. काका खुर्चीत सावरून बसले. "अहो, हा तर फोन आहे," ते म्हणाले. "मी बोलायचं, त्याने बोलायचं. मधे कोणाची लुडबूड नाही." त्या दिवशी ते घरी गेले ते शीळ वाजवत. बायकोला वाटलं, पगार वाढला.

रीत अगदी सोपी होती. साध्या नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि फाइल ठेवून द्यायची. मग काळ्या पडद्यावर त्या फोल्डरमध्ये जाऊन "जावासी" लिहून पुढे फाइलचं नाव लिहायचं. जावासी म्हणजे कंपाइलर. तो माणसाने लिहिलेलं वाचतो आणि मशीनला पचेल अशी दुसरी फाइल तयार करतो. ती तयार झाली की "जावा" लिहून नाव घ्यायचं, की प्रोग्राम चालतो. कंपाइल करताना शेवटच्या "डॉट जावा" या शेपटासकट पूर्ण नाव सांगायचं, चालवताना शेपूट गाळायचं. काकांना हे लगेच पटलं. त्यांचंही तसंच होतं, कागदावर पूर्ण नाव आणि कामाला बोलावताना नुसतं हॅलो.

पण पहिलाच प्रोग्राम कंपाइल करताना काकांनी जी चूक केली, ती दुसऱ्या कोणी केली नसती. प्रोग्राम चार ओळींचा. त्यांनी जावासी लिहून एंटर मारलं आणि कान टवकारले. मशीन काही बोललं नाही. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा शांतता. त्यांनी प्रोग्राम उघडून प्रत्येक ओळ अक्षर अक्षर ऐकली, एक कंस काढून परत घातला, पुन्हा कंपाइल केलं. शांतता. कक्षातल्या मंडळींनी पाहिलं तेव्हा काका तोच शहाणासुरता प्रोग्राम पुन्हा पुन्हा कंपाइल करत होते आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी पडत होता.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"लाइन मेलीय," काका म्हणाले. "काही बोलतच नाही."

मॅडमना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. टेलिफोनवाल्याला शांतता म्हणजे संकट. रिसीव्हर उचलला आणि काहीच ऐकू आलं नाही की लाइन तुटलेली. इथे नेमकं उलटं. कंपाइलरला चूक सापडली तरच तो बोलतो, सगळं नीट असलं की तो तोंड उघडत नाही.

"म्हणजे माझ्या बायकोसारखा," काका म्हणाले. "फक्त तिचं दोन्ही वेळा उलटं असतं."

त्यानंतर त्यांना त्या शांततेची चटक लागली. चुका झाल्या की कंपाइलर बोलायचा, ओळीचा नंबर सांगायचा. एक अर्धविराम राहिला की पुढे चुकांची रांगच्या रांग वाचत सुटायचा. काका सुरुवातीला सगळ्या चुका मनात धरून बसायचे. मॅडमनी सांगितलं, पहिली धरा, बाकीच्या तिच्याच लेकी असतात. पहिली दुरुस्त केली की लेकीही निघून जायच्या, आणि मग ती शांतता यायची. काका दोन्ही हात टेबलावर ठेवून ती ऐकत बसायचे, जणू कोणी गात होतं.

घरी बायको शिलाईचं काम करायची. तिला काकांचं हे नवं खूळ सुरुवातीला काही झेपेना. लिहिलंय ना एकदा, मग पुन्हा कंपाइल कशाला, असं तिने विचारलं. काकांनी तिला समजावलं, "तू कागदावर माप लिहितेस. मग झगा शिवतेस. मग गिऱ्हाईक घालून बघतं. गिऱ्हाईक म्हणालं घट्ट होतोय, आणि तू कागदावरचं माप वाढवलंस, तर शिवलेला झगा आपोआप सैल होईल का?"

"तेवढी अक्कल आहे मला," ती म्हणाली. "मग उसवून पुन्हा शिवायचा."

"तेच कंपाइल."

ती म्हणाली, "एवढं सोपं आहे, तर त्याला परीक्षा कशाला हवी?"

परीक्षा जवळ आली तसं मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब मनाने चांगले. त्यांनी काकांना बसायला लावलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही एवढे कष्ट घेताय हे ऐकून फार बरं वाटलं. पण तुम्हाला कशाला परीक्षेचा त्रास? मी शेरा मारतो, तुमची खुर्ची संगणक कक्षात हलवू. तिथे गार हवा आहे, माणसांची ये-जा आहे. तुमचं मन रमेल."

"आणि काम?"

"काम काय हो, असतंच काहीतरी. तुम्ही काळजी करू नका."

काकांनी सावकाश विचारलं, "परीक्षा दिली आणि नापास झालो तर?"

साहेब अडखळले. "तर मग नियमाने मला काही करता येणार नाही. कॉरिडॉरमध्येच बसावं लागेल. म्हणून तर म्हणतोय."

"मी परीक्षा देतो साहेब," काका म्हणाले. "आंधळ्याला नियमाने जो जास्तीचा वेळ मिळतो तो द्या, तो माझ्या हक्काचा आहे. बाकी काही नको."

घरी मात्र याची चांगलीच किंमत मोजावी लागली. बायकोचं शिलाई मशीन थांबलं. "चालून आलेलं ठोकरलंत?" ती म्हणाली. "नापास झालात म्हणजे?"

"म्हणजे कॉरिडॉर."

"तेच म्हणतेय मी. तिथे नुसतं बसून तुम्ही निम्मे झालात. मला दिसतंय ना."

"अगं, तिकडे गार हवेत बसून पण निम्माच झालो असतो," काका म्हणाले. "खुर्ची ती खुर्चीच. मला कोणाला तरी लागायचं आहे. माझ्यावाचून कोणाचं तरी अडायला पाहिजे." हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. रात्री बायकोने त्यांचा परीक्षेला घालायचा शर्ट काढला, त्याची ढिली झालेली बटणं पक्की केली आणि खुंटीला लावून ठेवला.

परीक्षा रुग्णालयाच्या प्रशिक्षण वर्गात होती. परीक्षक बाहेरून आलेले, एक बाई आणि एक गृहस्थ. मॅडमना आत यायची परवानगी नव्हती, कारण त्यांनी शिकवलं होतं. उमेदवारांना एकेक मशीन दिलेलं, काकांना बोलणारं. प्रश्न असा होता, की नावनोंदणीला येणाऱ्या रुग्णांना टोकन द्यायची आणि आलेल्या क्रमाने तीन खिडक्यांवर वाटायची. प्रोग्रामचं नाव "टोकन"च ठेवायचं, असं प्रश्नपत्रिकेत बजावलेलं होतं. बाईंनी काकांना प्रश्न वाचून दाखवला, आवाज न चढवता. काकांनी मनातल्या मनात त्यांना आपल्या बाजूने एक गुण दिला.

त्यांनी लिहायला घेतलं. बोटं सरसर चालली. पहिला रुग्ण पहिल्या खिडकीला, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा पुन्हा पहिल्या. जावासी लिहून एंटर मारलं. शांतता. काकांच्या छातीत आनंद मावेना. त्यांनी जावा लिहून प्रोग्राम चालवला.

खिडकी एक, खिडकी दोन, खिडकी एक, खिडकी दोन. तिसरी खिडकी कुठे आलीच नाही.

काकांनी प्रोग्राम उघडून ऐकला. तीन लिहिलेलं होतं. तरी त्यांनी एक ओळ पुसून पुन्हा लिहिली, कंपाइल केलं, शांतता ऐकली, चालवलं. खिडकी एक, खिडकी दोन. मग त्यांनी मुद्दाम पहिल्याच ओळीला "हॅलो" हे स्वतःचं टोपणनाव छापायला सांगितलं. कंपाइल केलं, चालवलं. नाव आलं नाही. खिडकी एक, खिडकी दोन.

इथे काकांना घाम फुटला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची सरकवून उठलं, बहुधा त्याचं झालं होतं. दूर कॉरिडॉरमधून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता. तो आवाज काकांना खुर्चीत बसून बसून पाठ झाला होता. मोठ्या साहेबांना हो म्हटलं असतं तर आत्ता गार हवेत बसलो असतो, हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. तो आला याचा त्यांना इतका राग आला, की त्या रागानेच डोकं ताळ्यावर आलं.

आपण लिहिलंय ते चालत नाहीये. कंपाइलर गप्प आहे, म्हणजे आपली फाइल तयार होतेय. तरी भलताच कोणीतरी उत्तर देतोय. एक्स्चेंजवर असं किती वेळा झालं असेल. भलत्याच विभागात कोणी रिसीव्हर उचलायचा आणि आपणच ते डॉक्टर असल्यासारखं बोलायला लागायचा. अशा वेळी काका भांडत बसत नसत, ते पहिला प्रश्न विचारत, कुठून बोलताय?

हाच प्रश्न मशीनला विचारायची एक रीत मॅडमनी कधीतरी दाखवली होती. चालवताना एक जास्तीचा शब्द घातला, की जावा ज्या ज्या फाइली उचलते त्यांची नावं आणि प्रत्येक कुठून उचलली तो पत्ता सांगत सुटते. डोळसांना ती यादी नकोशी होते, शेकडो ओळी पडद्यावरून धावत जातात. कक्षात कोणी ती वापरत नसे. काकांनी तो शब्द टाइप केला आणि आवाजाचा वेग पूर्ण वाढवला.

मशीनचा नुसता किलबिलाट सुरू झाला. परीक्षक गृहस्थ जवळ आले. "हे काय बोलतंय?"

"थांबा साहेब," काका म्हणाले. "कोण कुठून आलं ते सांगतंय."

जावाच्या स्वतःच्या फाइली एकाच ठिकाणाहून येत होत्या, त्यामुळे ओळींना एक ठेका आला होता. काका डोकं किंचित वाकवून तो ठेका ऐकत राहिले. बराच वेळ एकसारखं चाललं आणि अगदी शेवटी शेवटी तो ठेका एका ओळीपुरता मोडला. त्या ओळीत "टोकन" हे नाव होतं आणि पत्ता काकांच्या फोल्डरचा नव्हता. दुसऱ्याच एका फोल्डरचा होता.

काका खुर्चीत मागे टेकले. "सापडला," ते म्हणाले. "साहेब, या मशीनवर दुसरा एक टोकन आहे. कोणीतरी आधीचा ठेवून गेलाय. मशीनला सांगून ठेवलंय की फाइली तिथेच शोध, म्हणून ते माझ्याकडे बघतच नाही. माझा टोकन इथे तयार होऊन पडलाय आणि चालतोय तो जुना."

बाईंनी येऊन पाहिलं. खरंच तसं होतं. आधीच्या परीक्षेतल्या कोणाचा तरी प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये राहिला होता, आणि तेव्हाच्या प्रश्नात खिडक्या दोनच होत्या. मशीन कोणी साफ केलं नव्हतं. "ही आमची चूक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही या भागाचे पूर्ण गुण घ्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा."

"नको बाई," काका म्हणाले. "आधी चालवून दाखवतो. मग गुण द्या."

त्यांनी जावा लिहिलं, मग सीपी, मग नुसतं एक टिंब, मग टोकन. सीपी म्हणजे फाइली शोधायचा पत्ता, आणि टिंब म्हणजे इथे, याच फोल्डरमध्ये, बाकी कुठे जाऊ नकोस. एंटर मारण्याआधी त्यांनी हेडफोनची वायर उपटली, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. मशीन मोठ्याने बोललं. हॅलो. खिडकी एक. खिडकी दोन. खिडकी तीन. खिडकी एक.

बाई हसल्या. परीक्षक गृहस्थांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला असावा, कारण शर्टाची बाही हवेत सळसळली आणि मध्येच थांबली. त्याऐवजी ते म्हणाले, "ती लांबलचक यादी ऐकायची मला शिकवाल का?"

"वेळ लागेल साहेब," काका म्हणाले. "कान कामाला लावावे लागतील."

पुढचा प्रश्न होता व्हीलचेअरवरच्या रुग्णांना आधी घेण्याचा. त्यात काकांचा एक अर्धविराम राहिला आणि कंपाइलर चुकांची रांग वाचत सुटला. त्यांनी पहिली धरली, लेकी गेल्या, शांतता आली, प्रोग्राम चालला. जास्तीच्या वेळातली बरीच मिनिटं उरली होती. काकांनी ती सगळी बसून घालवली, कारण हक्काची होती.

निकाल फलकावर लागला तेव्हा लिफ्टवाला लिफ्ट मधल्याच मजल्यावर सोडून धावत आला. लोक बटणं दाबून दाबून कंटाळले. "पहिलं नाव तुमचं आहे," तो म्हणाला.

"वाच."

त्याने वाचलं, काकांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने नाव वाचून पुढे सगळ्या उमेदवारांचे गुणही वाचले, म्हणजे काकांना आपण किती पुढे आहोत ते नीट कळावं. दुसरा उमेदवार अगदी थोडक्यात मागे होता. काकांना ते फार आवडलं. नुसत्या कौतुकाने कोणाला इतकं थोडक्यात पहिलं आणत नाहीत. त्यांनी काठी बगलेत मारली, फलकावर हात फिरवला, कागदाचा कोपरा चाचपला आणि मग कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत. मागून येणाऱ्यांना निकाल दिसेना, तरी कोणी त्यांना बाजूला व्हा म्हणालं नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती शिवतच राहिली. मशीनचा वेग मात्र इतका वाढला, की झग्याची बाही तिने गळ्याला जोडली आणि नंतर सगळं उसवावं लागलं.

संगणक कक्षात मॅडमनी पहिल्याच दिवशी काकांपुढे काम टाकलं, कौतुकबिवतुक काही केलं नाही. नावनोंदणीचा टोकन प्रोग्राम खरोखरच हवा होता. काकांनी तो लिहिला, तपासला, आणि तिसऱ्या आठवड्यात तो तळमजल्यावर चालू झाला. त्या दुपारी कक्षातला फोन वाजला. काकांनी उचलला.

"हा टोकनचा उद्योग कोणी केलाय?" पलीकडे नावनोंदणीची बाई होती आणि ती भडकलेली होती.

"मी."

"मग जरा खाली येऊन ऐका इथला गोंधळ. माझी तिसरी खिडकी दुपारी जेवायला बंद असते. तुमचा प्रोग्राम बंद खिडकीवर माणसं पाठवतोय. अर्धी ओपीडी तिथे उभी आहे आणि सगळे मला शिव्या घालतायत. लिहिण्याआधी विचारायला काय झालं होतं? आम्ही काय इथे शोभेला बसलोय? उद्या सकाळी खिडक्या उघडायच्या आत मला हे नीट करून पाहिजे."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "करतो."

त्यांनी फोन ठेवला. मॅडमनी विचारलं कोण होतं, तर त्यांनी सांगितलं आणि लगेच नोटपॅड उघडलं. त्या दिवशी त्यांना घरी जायला उशीर झाला. बायको दारातच उभी होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? पुन्हा परीक्षा पास झालात की काय?"

"आज मला नावनोंदणीच्या बाईने झापलं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "फोनवर. असं झापलं, असं झापलं, की बोलायची सोय ठेवली नाही. काका म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. सरळ म्हणाली, उद्या सकाळच्या आत पाहिजे."

"आणि याचा आनंद झालाय तुम्हाला?"

काकांनी चपला काढल्या, हात धुतले, पाटावर बसून ताट पुढे ओढलं. "लवकर वाढ," ते म्हणाले. "पहाटे निघायचंय. खिडक्या उघडायच्या आत टोकन चालला पाहिजे, नाहीतर ती बाई मला सोडणार नाही."